त्यावर चर्चा झाली

वार्षिक अहवाल लिहायला बसले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, आणि छापखान्याला मजकूर सकाळी हवा होता. नेत्रतज्ज्ञ संघटनेची मानद सचिव म्हणून माझं वर्ष संपत आलं होतं. 'मानद म्हणजे पैसे नाहीत आणि बोलणी मोफत,' असं आधीच्या सचिवांनी पदभार देतानाच सांगितलं होतं. वर एक फुगलेली फाइल, संघटनेचा रबरी शिक्का आणि एक टेबलावरची घंटा हातात दिली होती. वक्त्याची आठ मिनिटं संपली की वाजवायची ती घंटा. वर्षभर ती वाजवून मी बरीच माणसं दुखावली.

अहवालाची भाषा ठरलेली असते. 'सभा घेण्यात आली', 'शिबिराचे आयोजन करण्यात आले', 'मान्यवरांचे स्वागत करण्यात आले'. या सगळ्यात करणारं माणूस कुठेच नसतं. सगळं आपोआप होत गेल्यासारखं. आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य: त्यावर चर्चा झाली. मागच्या पाच वर्षांचे अहवाल समोर ठेवून मीही तसंच लिहीत सुटले होते. मासिक सभा क्रमांक सातपाशी आले आणि हात थांबला. 'विषय : शस्त्रक्रियेतील गुंतागुंत. उपस्थिती ३४. त्यावर चर्चा झाली.' वाचून माझं मलाच हसू आलं. त्या संध्याकाळी जे झालं त्याला चर्चा म्हणायचं, तर मग चर्चा या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागेल.

मासिक सभा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या डोळ्यांत उजेड पाडणारी माणसं संध्याकाळी आणखी एका अंधाऱ्या खोलीत जमतात आणि पडद्यावर डोळेच बघतात. पहिल्या दोन रांगा रिकाम्या. तिसऱ्या रांगेत निवृत्तीला आलेले, जे कधीही चुकवत नाहीत. मधे आमच्यासारखे, निम्मं लक्ष फोनवर. शेवटच्या रांगेत रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, ज्यांना विभागप्रमुखांनी पाठवलेलं असतं. प्रोजेक्टर पहिल्या झटक्यात चालू झाला असं वर्षात एकदाच घडलं. प्रश्नोत्तरांत एक जण हमखास उठतो आणि म्हणतो, 'माझा प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण आहे.' त्या निरीक्षणाला घंटा लागू होत नाही, असा त्याचा समज असतो.

सुरुवातीचे काही महिने मला वाटायचं, कशासाठी हा खटाटोप? नवीन माहिती घरबसल्या मिळते. जगातल्या उत्तमातल्या उत्तम सर्जनचे व्हिडिओ फोनवर दिसतात. क्रेडिट पॉइंट ऑनलाइन मिळतात. मग ओपीडी आटोपून, थकल्या मानेने, ही माणसं का येतात?

याचं उत्तर मला एका जुन्या गोष्टीने दिलं, आणि ती गोष्टही एका सभेचीच आहे. १८५७ साली आल्ब्रेख्त फोन ग्रेफे नावाच्या एकोणतीस वर्षांच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हायडेलबर्गला मूठभर सहकारी जमवले. त्यातून नेत्रतज्ज्ञांची जी संघटना उभी राहिली, ती वैद्यकाच्या एकाच शाखेपुरत्या संघटनांमध्ये जगातली सर्वांत जुनी मानली जाते. त्याच वर्षी जन्मलेला कार्ल कोलर पुढे व्हिएन्नात तरुण डॉक्टर झाला. तोवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जाग्या माणसावर, भूल न देता, दोघातिघांनी धरून करायची वेळ यायची. पूर्ण भूल दिली तर नंतरच्या उलट्यांनी जखम उसवायची भीती. कोलरने आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले, टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श करून पाहिला, आणि काहीच कळलं नाही. हे जगाला सांगायची जागा म्हणजे हायडेलबर्गची सभा. पण कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते. मग योझेफ ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने १५ सप्टेंबर १८८४ रोजी त्याचा निबंध तिथे वाचून दाखवला आणि प्रात्यक्षिकही केलं. स्थानिक भुलेची ही पद्धत बघता बघता जगभर गेली.

मला या गोष्टीत कोलरइतकाच ब्रेटाउअर आवडतो. दुसऱ्याचा निबंध आपल्या आवाजात, त्याच्याच नावाने वाचणारा. संघटनेत अशी माणसं लागतात. मिळतात त्यापेक्षा जास्त लागतात.

पण कोलरच्या त्या थेंबांमुळे आमच्या कामात एक विचित्र गोष्टही आली. आमचा पेशंट जागा असतो. निळ्या कापडाखाली तो निवांत पडून सगळं ऐकत असतो. पोटाचा सर्जन ऑपरेशनच्या मधे 'अरे देवा' म्हणू शकतो, आम्ही नाही. मायक्रोस्कोपखाली काही बिनसलं तर चेहरा, आवाज, श्वास, सगळं होतं तसंच ठेवायचं. सिस्टरला नेहमीच्याच सुरात म्हणायचं, 'व्हिस्को द्या.' व्हिस्को म्हणजे डोळ्याच्या आतली जागा टिकवून धरणारा घट्ट द्रव. सिस्टरला त्या सुरातला फरक कळतो, पेशंटला कळता कामा नये. तोंडातून न निघालेले असे कितीतरी शब्द प्रत्येक नेत्रशल्यविशारद बरोबर घेऊन फिरत असतो. घरी सांगावं तर समजत नाही. हाताखालच्यांना सांगावं तर मान जाते. पेशंटला सांगायचं ते वेगळं, आणि ते वेगळ्या भाषेत सांगायचं असतं.

तर, सभा क्रमांक सात.

आमचे एक ज्येष्ठ सर त्या दिवशी बोलणार होते. आमच्यापैकी निम्म्यांनी त्यांच्या हाताखाली धडे गिरवलेले. विषय त्यांनीच मागून घेतला होता. परिषदांमध्ये गुंतागुंतीचे व्हिडिओ दाखवतात, नाही असं नाही. पण ते कापून-छाटून, खाली संगीत लावून, शेवटी 'आणि अशी केस सावरली' या वळणावर आणून सोडलेले असतात. त्यात अडचण ही सर्जनचं कसब दाखवायला आलेली पाहुणी असते. सरांनी पेनड्राइव्ह दिला आणि म्हणाले, 'काटछाट केलेली नाही. कंटाळा आला तर सांगा.'

व्हिडिओ सुरू झाला. भिंगाच्या पिशवीवरचं गोल छिद्र, रेक्सिस, कंपासने काढल्यासारखं. मोतीबिंदूचे तुकडे झाले, पहिला ओढला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या तुकड्याच्या वेळी बाहुलीतला लाल उजेड क्षणभर नको तितका स्वच्छ दिसला. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी 'अं' केलं. बघणाऱ्या प्रत्येक सर्जनला कळलं होतं. भिंगाच्या पिशवीचा मागचा पदर जेमतेम चार मायक्रॉन जाडीचा असतो; केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा पदर सहज मावतील. तो फाटला होता.

अशा वेळी करायचं ते सोपं आहे आणि फार अवघड आहे: काहीच न करणं. फेकोची, म्हणजे मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राची, सुई डोळ्यात जिथे आहे तिथे राहू द्यायची, पाणी चालू ठेवायचं, दुसऱ्या हाताने व्हिस्को भरायचं आणि मगच सुई बाहेर घ्यायची. घाईने बाहेर काढली तर डोळ्याचा पुढचा कप्पा एकदम बसतो, मागचा व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा गर, पुढे उसळतो आणि लहानशी फट मोठी होते. हे आम्हाला कोणी शिकवलं? याच सरांनी. पडद्यावर त्यांच्या हाताने सुई झटकन बाहेर घेतली. कप्पा बसला. तुकडा हळूच तिरका झाला आणि मागे, डोळ्यातल्या पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या दिशेने, बुडत गेला.

सरांनी तिथे व्हिडिओ थांबवला. पुन्हा चार सेकंद मागे नेला. 'आता डोळ्याकडे बघू नका, माझ्या हाताकडे बघा. पंचवीस वर्षं तुम्हाला सांगत आलोय की बाहेर काढू नका. आणि मीच काढला.'

खोलीत प्रोजेक्टरच्या पंख्याचा तेवढा आवाज. मग मागच्या रांगेतून एका रेसिडेंटने विचारलं, आणि विचारताना ती उभीसुद्धा राहिली नाही: 'सर, त्या क्षणी तुमच्या मनात काय आलं?'

सरांनी बराच वेळ घेतला. 'खरं सांगू? मनात आलं, कोणी बघितलं का.'

कोणी हसलं नाही. पुढचं त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. रेटिनाच्या सर्जनकडून तुकडा काढून घेतला, लेन्स नंतर बसवली, नजर चांगली आली. त्याच संध्याकाळी पेशंटच्या शेजारी बसून, काय झालं आणि कोणाच्या हातून झालं, ते साध्या शब्दांत सांगितलं. 'तो माणूस मलाच म्हणाला, डॉक्टर, तुम्ही जरा बसा, पाणी घ्या.' त्यानंतर मधल्या रांगेतले एक जण बोलायला लागले, मग दुसरे, मग वर्षभर तोंड न उघडलेल्या एक मॅडम. कोणाची रेक्सिस कडेकडे पळालेली, कोणाला उशिरा लक्षात आलेला संसर्ग. घंटा माझ्या समोर होती. त्या दिवशी तिला मी हात लावला नाही. सभा संपायला दोन तास लागले, आणि 'फक्त एक निरीक्षण' म्हणणारे गृहस्थ त्या दोन तासांत निरीक्षण न नोंदवता बसून होते.

मीही गप्पच बसले. सचिवाने बोलायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. नियमात असं कुठेही नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आमचं वेट लॅब होतं. वर्षभरातलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच. खाटिकखान्यातून आणलेले जनावरांचे डोळे थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलेले, मुलांनी ते साच्यात टाचून मायक्रोस्कोपखाली घ्यायचे आणि हात बसवायचा. वास येतो, हातमोजे बुळबुळतात, शिळ्या डोळ्याचं बुबुळ धुरकट पडतं आणि आतलं नीट दिसत नाही. शिवाय या डोळ्यांच्या भिंगाची पिशवी माणसापेक्षा चिवट असते, रबरासारखी ताणते. तिथे जमलेलं माणसावर जमेलच असं नाही, पण तिथे न जमलेलं माणसावर कशाला करून बघायचं? सभेत प्रश्न विचारणारी ती रेसिडेंट मुलगी माझ्या टेबलावर होती. रेक्सिस करताना तिचं टोक दर वेळी तीन-चतुर्थांशावर कडेकडे धावायचं. तीन डोळे गेले. चौथ्या वेळी मी तिच्या हाताकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं. ती श्वास घेत नव्हती. चिमटा आत गेला की श्वास बंद, आणि तीन-चतुर्थांशावर जीव घुसमटून हाताला घाई. 'श्वास घे आणि मोठ्याने आकडे मोज,' म्हटलं. आकडे मोजत मोजत तिने वर्तुळ पूर्ण केलं. फार सुबक नव्हतं, थोडं अंडाकृती. पण पूर्ण होतं. अहवालात याची नोंद 'वेट लॅब : एक. लाभार्थी : १२' अशी आहे.

मार्चमधला जागतिक काचबिंदू सप्ताह दर वर्षीसारखाच झाला: फलक, फेरी, डोळ्यांच्या दाबाची मोफत तपासणी. काचबिंदू सहसा दुखत नाही, गेलेली नजर परत आणत नाही आणि कडेकडून खात येतो, त्यामुळे शिबिराला जे येतात त्यांना बहुधा तो नसतोच. एक बाई वडिलांना घेऊन आल्या होत्या. वडिलांना आधीपासून काचबिंदू, औषधं चालू, दाब व्यवस्थित. जाता जाता मी म्हटलं, आता तुमचाही बघू. 'मला काही त्रास नाही हो,' म्हणाल्या. आईवडील किंवा भावंडांत काचबिंदू असला की आपला धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा दाब वाढलेला निघाला, नंतर नसेतही बदल दिसला. वडिलांना थेंब चुकवू नका म्हणून रागावणारी ही मुलगी आता स्वतःच थेंब टाकते. तेव्हापासून मी शिबिरात पेशंटच्या बरोबर आलेल्याला आधी खुर्चीत बसवते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टिदिन. भाषणं झाली.

वार्षिक परिषदेबद्दल फार लिहीत नाही. पाच महिने तिने खाल्ले. कंपन्यांच्या स्टॉलचे चौरस फूट, कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाच्या सत्रात गर्दी नाही म्हणून रुसवा. एका मान्यवरांना स्मृतिचिन्हावरच्या आडनावात वेलांटी चुकलेली दिसली. तो विषय तीन बैठका पुरला. ज्यांच्या यंत्रांवर आम्ही निष्पक्षपणे बोलायचं, त्यांच्याच पैशाने मंडप उभा राहतो हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं. कार्यकारिणीत तसं बोलूनही दाखवलं. त्यावर चर्चा झाली.

पण संघटना म्हणून एकत्र येण्याचा एक फायदा असा आहे की तो एकेकट्याला मिळूच शकत नाही. मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग इतका विरळा असतो की एका सर्जनला वर्षानुवर्षांत एखादाच दिसतो. कशाने टळला आणि कशाने झाला, हे एकट्याच्या अनुभवावरून कधीच कळणार नाही. युरोपातल्या मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेने नऊ देशांतली चोवीस केंद्रं जोडली, सोळा हजारांहून जास्त पेशंटची नोंद ठेवली आणि २००७ साली निष्कर्ष छापला: शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरॉक्झिम हे प्रतिजैविक सोडलं तर संसर्गाचा धोका सुमारे पाच पटींनी कमी होतो. आपापली वाईट बातमी प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाठवली म्हणून हे कळलं. कोणी लपवली असती तर आकडाच बिघडला असता.

सभेच्या खोलीला दुसरी बाजूही असते, हे विसरून चालत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडलींनी मोतीबिंदू काढून डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याच्या कामाला हात घातला. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा बंड करत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. भिंग त्याच द्रव्याचं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी हे गुप्त ठेवलं. ते फुटलं कसं, तर एक पेशंट चुकून दुसऱ्याच रिडलींकडे, फ्रेडरिक रिडली या नेत्रतज्ज्ञाकडे, तपासायला गेला. आडनावाचा घोटाळा. मग १९५१ साली ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी काम मांडलं, बरोबर पेशंटही आणले. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. डोळ्यातून वस्तू काढायच्या असतात, घालायच्या नसतात, असा तेव्हाचा रिवाज. हा विरोध पुढे कित्येक वर्षं टिकला. रिडलींना 'सर' हा किताब मिळाला २००० साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. आज तीच शस्त्रक्रिया जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी आहे. त्या सभेतल्या लोकांत आणि आमच्या तिसऱ्या रांगेत फारसा फरक असेल असं मला वाटत नाही.

रिडलींच्या गोष्टीतला माझा आवडता तपशील मात्र वेगळाच आहे. त्या पहिल्या पेशंटच्या लेन्सची पॉवर चुकली होती. नैसर्गिक भिंगाच्या आकाराची नक्कल केली, पण प्लास्टिक प्रकाश जास्त वाकवतं. बाईंना चष्म्याचा नंबर आला उणे अठरा. जगातल्या पहिल्या कृत्रिम भिंगाचा नंबर!

हा तपशील माझ्या का लक्षात राहिला, तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी माझ्या यादीत एका दिवशी एकाच आडनावाचे दोन पेशंट होते. एकाची मापं दुसऱ्याच्या कागदांत गेली आणि मी वीसऐवजी चोवीस पॉवरची लेन्स बसवली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ते गृहस्थ हातातलं घड्याळ बघून खूश होते आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नव्हतं. नंबर उणे तीनच्या आसपास. आठवड्याभरात लेन्स बदलली, त्यांना कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. पण समव्यवसायी माणसांपुढे हे मी कधी काढलं नाही. तेव्हापासून लेन्सचं पाकीट फोडण्याआधी पूर्ण नाव, डोळा आणि पॉवर मी मोठ्याने वाचते आणि समोरच्याला परत म्हणायला लावते. नवीन सिस्टरना वाटतं, मॅडम शिस्तीच्या आहेत.

अहवाल पहाटे दोनला पूर्ण झाला. सभा क्रमांक सातचा परिच्छेद तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी छापायला गेलं ते हेच: त्यावर चर्चा झाली. सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात अहवाल मंजूर झाला. वाचला दोघांनी असावा, कारण उपस्थितीच्या बेरजेतली चूक दोघांनीच दाखवली.

पदभार देताना नव्या सचिवांना फाइल दिली, शिक्का दिला, घंटा दिली. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान, उत्साही. 'मॅडम, पहिल्याच सभेला गुंतागुंतीचं सत्र ठेवायचंय, पण कोणी नावच देत नाही,' म्हणाले. मी म्हटलं, बघू. रात्री त्यांना मेसेज केला: 'एक केस आहे. माझीच. चुकीची लेन्स. फोटो, मापांचे दोन्ही कागद, सगळं आहे.'

उत्तर लगेच आलं. 'थँक यू मॅडम. पहिलं नाव तुमचंच टाकतो. आठ मिनिटं. घंटा माझ्याकडे आहे.'